पीएचपी पुन्हा कंपाइल करताना: जीडी, फ्रीटाइप आणि न तुटणारी जोडाक्षरं

गणपती जवळ आले की माझा फोन वाजू लागतो. इंदुरातल्या दोन-तीन मराठी मंडळांच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं पीएचपीतून, म्हणजे त्यातल्या जीडी या चित्रं काढणाऱ्या एक्स्टेन्शनमधून, तयार होतात. सर्व्हर सांभाळणारी मुलं दर वर्षी नवी असतात, चुका मात्र त्याच. "जीडी टाकलं, मेक झालं, एरर एकही नाही, पण चित्रच येत नाही." नाहीतर, "चित्र येतंय दादा, पण कुलकर्णींच्या र चा पाय मोडलाय." दोन्ही वेळा मूळ सापडतं ते कंपाइलच्या (सोर्स कोडपासून प्रोग्राम बांधण्याच्या) आधी राहून गेलेल्या कामात. म्हणून खालच्या टप्प्यांचा क्रम बदलू नका.

आज्ञा मी फोनवर सांगतो तशाच, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टंकायच्या. जिथे मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे. उदाहरणं उबुंटू-डेबियनची आहेत.

## आधी ठरवा: दुखणं नेमकं कुठलं?

"जीडी चालत नाही" या एका वाक्यात चार वेगळी दुखणी लपलेली असतात.

इमेजक्रिएटट्रूकलर हे फंक्शनच सापडत नाही असा एरर आला, तर जीडी मुळातच नाही. ते सापडतं पण इमेजटीटीएफटेक्स्ट सापडत नाही, म्हणजे जीडी आहे, फ्रीटाइप नाही. इमेजक्रिएटफ्रॉमजेपेग सापडत नाही, तर जेपेगशिवाय बांधलेलं जीडी तुमच्या वाट्याला आलंय. आणि सगळी फंक्शन्स आहेत, अक्षरंही उमटतात, पण "शिंदे" मधली पहिली वेलांटी श च्या उजवीकडे जाऊन बसते आणि "कुलकर्णी" मधला रफार वर न चढता र खाली पाय मोडून उभा राहतो, तर हे चौथं दुखणं. फ्रीटाइप एकेक अक्षराचा आकार काढून देतं, पण कुठलं अक्षर कुठे सरकवायचं आणि कुणाला कुणात जोडायचं हे त्याचं काम नव्हे. ते काम हार्फबझ करतं, आणि जीडीला हार्फबझपर्यंत नेणारी लायब्ररी म्हणजे राक्म (रोमनमध्ये आर-ए-क्यू-एम). पीएचपीच्या सोर्ससोबत येणाऱ्या जीडीत राक्मची सोयच नाही. त्यामुळे तुम्ही कितीही वेळा फ्रीटाइप घालून कंपाइल केलंत तरी मागचे पाढे पंचावन्न.

पहिली तीन दुखणी असतील आणि पीएचपी उबुंटूच्या पॅकेजमधून आलेलं असेल, तर हा लेख इथेच बंद करा. पीएचपी-जीडी नावाचं पॅकेज एपीटीने (उबुंटूच्या पॅकेज टाकणाऱ्या आज्ञेने) टाका, एफपीएम (वेबसाइटसाठी पीएचपी चालवणारी सेवा) किंवा अपाची रीस्टार्ट करा, झालं. डॉकरची अधिकृत पीएचपी इमेज वापरत असाल तर तिथे डॉकर-पीएचपी-एक्स्ट-कॉन्फिगर आणि डॉकर-पीएचपी-एक्स्ट-इन्स्टॉल या दोन स्क्रिप्ट याच कामासाठी दिलेल्या आहेत. कंपाइलच्या वाटेला जायचं ते पीएचपी आधीच सोर्समधून बांधलेलं असेल किंवा चौथं दुखणं असेल तेव्हा.

तपासा: चौथ्या दुखण्यातही आधी वितरणाच्या (उबुंटू-डेबियनसोबत आलेल्या) लिबजीडी फाइलवर, म्हणजे जीडीमागच्या मूळ लायब्ररीवर, एलडीडी चालवा. एखादी फाइल कुठल्या लायब्रऱ्या वापरते ते ही आज्ञा दाखवते. यादीत लिबराक्म दिसलं, तर तुमची लिबजीडी आधीच तयार आहे. मग फक्त पीएचपी तिच्याशी जोडायचं उरतं आणि टप्पा ४ वगळता येतो.

## १. आहे ते लिहून ठेवा

हा टप्पा सगळे टाळतात, म्हणून इथे जरा थांबतो. पुन्हा कंपाइल केलेलं पीएचपी हे जुन्या पीएचपीत जीडी मिळवलेलं पीएचपी नसतं. ते कोरं असतं. कॉन्फिगरला (काय काय बांधायचं ते ठरवणाऱ्या सोर्समधल्या स्क्रिप्टला) जे सांगाल तेवढंच त्यात येईल. काल मायएसक्यूएल, कर्ल, एमबीस्ट्रिंग चालत होतं आणि आज जीडी आलं पण डेटाबेस गेला, ही तक्रार मी मोजणं सोडून दिलंय.

पीएचपी -व्ही, पीएचपी -एम आणि पीएचपी -आय या तिन्हींचं आउटपुट फाइलमध्ये साठवा. -आय च्या आउटपुटमध्ये वरच "कॉन्फिगर कमांड" नावाची ओळ असते. हे पीएचपी बांधताना दिलेले सगळे पर्याय त्यात असतात. जुनी सोर्स डिरेक्टरी अजून असेल तर आणखी सोपं: तिथे कॉन्फिग.नाइस नावाची फाइल पडलेली असते आणि शेवटचं कॉन्फिगर जसंच्या तसं त्यात लिहिलेलं असतं. ती फाइल सोन्यासारखी जपा.

त्याच आउटपुटमधून आणखी दोन गोष्टी टिपून घ्या: कुठलं पीएचपी.आयएनआय (पीएचपीच्या सेटिंगची फाइल) वाचलं जातंय, आणि जादा आयएनआय फाइली कुठल्या डिरेक्टरीतून येतात.

सावधान: टर्मिनलमधलं पीएचपी आणि वेबसाइटमागचं पीएचपी एकच असतं असं गृहीत धरू नका. एकाच मशीनवर दोन-तीन पीएचपी सुखाने नांदतात. वेबच्या बाजूने पीएचपीइन्फो दाखवणारी एक ओळीची फाइल करा, ब्राउझरमध्ये उघडा, तिथली कॉन्फिगर कमांड आणि आयएनआयचा पत्ता टर्मिनलशी ताडून बघा, आणि काम झाल्याबरोबर ती फाइल उडवा. ती तशीच ठेवणं म्हणजे घराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवून वर पाटी लावणं.

## २. लायब्रऱ्यांची डेव्ह पॅकेजं

"लिबपीएनजी तर आहेच की मशीनवर!" हो, आहे. पण ती चालवण्यापुरती. तिच्यावर काही बांधायचं असेल तर हेडर फाइली लागतात, आणि त्या -डेव्ह शेपटीच्या वेगळ्या पॅकेजमध्ये येतात. रेड हॅट घराण्यात हीच शेपटी -डेव्हेल असते.

मूळ साहित्य: बिल्ड-इसेन्शियल, पीकेजी-कॉन्फिग आणि ऑटोकॉन्फ. पीएचपीसाठी: लिबएक्सएमएल२, एसक्यूलाइट३, ओपनएसएसएल, कर्ल, आणि एमबीस्ट्रिंग हवं असेल तर ओनिगुरुमा, ज्याचं पॅकेज लिबओनिग-डेव्ह नावाने मिळतं. जीडीसाठी: झेडलिब, लिबपीएनजी, लिबजेपेग, लिबवेबपी, फ्रीटाइप. देवनागरीसाठी वर लिबराक्म-डेव्ह. एफपीएम सिस्टमडीखाली (लिनक्सच्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामखाली) चालत असेल तर लिबसिस्टमडी-डेव्ह विसरू नका. त्याचं कारण टप्पा ७ मध्ये आहे.

ही पॅकेजं कॉन्फिगरच्या आधीच टाकायची. कॉन्फिगर झाल्यावर टाकली तर वरातीमागून घोडं. कॉन्फिगरने एकदा "नाही" म्हटलं की नंतर आलेल्या लायब्ररीकडे मेक (प्रत्यक्ष बांधणी करणारी आज्ञा) ढुंकूनही बघत नाही.

तपासा: पीकेजी-कॉन्फिग --मॉडव्हर्जन नंतर लायब्ररीचं नाव द्या: लिबपीएनजी, फ्रीटाइप२, राक्म. प्रत्येकाला आवृत्तीचा आकडा उत्तर म्हणून आला पाहिजे. पीएचपी ७.४ पासून कॉन्फिगरही बहुतेक लायब्रऱ्या पीकेजी-कॉन्फिगलाच विचारून शोधतं. इथे दिसलं नाही ते तिथेही दिसणार नाही.

## ३. सोर्स आणि जागा

पीएचपीचा सोर्स पीएचपी.नेटवरूनच उतरवा आणि तिथे दिलेल्या एसएचए२५६ शी ताडून बघा. आवृत्ती बदलायची असेल तर ती या कामात मिसळू नका. आधी आहे त्याच आवृत्तीत जीडी आणा, आठवडाभर चालू द्या, मग पुढची. दोन बदल एकदम केले की बिघाड कुठल्या बदलाचा हे शोधण्यात रात्र जाते.

सोर्स आपल्या साध्या वापरकर्त्याच्या घरात उलगडा. कॉन्फिगर आणि मेक हे दोन्ही रूट न होता करा. सूडू (रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवणं) फक्त शेवटच्या इन्स्टॉलला.

नव्या पीएचपीला स्वतंत्र घर द्या, म्हणजे --प्रीफिक्स मध्ये ऑप्ट डिरेक्टरीतला आवृत्तीच्या नावाचा पत्ता. जुन्यावर नवं ओतलंत तर परतीची वाट बंद होते. वितरणाच्या पॅकेजमधून आलेल्या पीएचपीवर तर कधीच ओतू नका. पुढच्या अपडेटला एपीटी त्यावर आपली फाइल ठेवून मोकळं होईल.

## ४. देवनागरीसाठी: लिबजीडी राक्मसह

नुसता जेपेगचा आकार बदलायचा असेल तर हा टप्पा सोडून द्या. प्रमाणपत्र, निमंत्रण, नावाच्या पट्ट्या काढायच्या असतील तर सगळं इथेच आहे.

लिबजीडीचा २.३ मालिकेतला सोर्स घ्या. त्याचं स्वतःचं कॉन्फिगर आहे. पर्याय: --प्रीफिक्स ऑप्ट खालच्या लिबजीडी नावाच्या डिरेक्टरीचा, मग --विथ-राक्म, --विथ-फ्रीटाइप, --विथ-जेपेग, --विथ-पीएनजी, --विथ-वेबपी. कॉन्फिगर संपताना एक छोटा गोषवारा छापतं, त्यात प्रत्येक लायब्ररीसमोर यस किंवा नो असतं. राक्म आणि फ्रीटाइप या दोन्हींसमोर यस दिसल्याशिवाय मेक दाबू नका. नो दिसलं तर टप्पा २ ला परत.

मग मेक, आणि सूडू मेक इन्स्टॉल.

सरळ युझर-लोकलमध्ये का नाही टाकायची? कारण मशीनवरचे दुसरे प्रोग्रामही लिबजीडी वापरत असू शकतात आणि त्यांना न विचारता त्यांच्या हाताखालची लायब्ररी बदलणं बरं नव्हे. ऑप्टमध्ये ती आपली आपण राहते.

पीएचपीला ही लिबजीडी सापडावी म्हणून पीकेजी_कॉन्फिग_पाथ हे चल एक्स्पोर्ट करा. हे नाव सगळं मोठ्या अक्षरांत आणि मध्ये अंडरस्कोअर. किंमत म्हणजे नव्या लिबजीडीच्या लिब डिरेक्टरीतल्या पीकेजीकॉन्फिगचा पत्ता.

तपासा: पीकेजी-कॉन्फिग --मॉडव्हर्जन जीडीलिब. लिबजीडीचं पीकेजी-कॉन्फिगमधलं नाव जीडीलिब आहे, हे लक्षात ठेवा. उत्तरात तुम्ही आत्ता बांधलेली आवृत्ती यायला हवी.

सावधान: हे चल तुमच्या शेलमध्ये आहे. सूडू लावून कॉन्फिगर चालवलंत तर सूडू ते सहसा गाळून टाकतं, पीएचपीला वितरणाची जुनी लिबजीडी सापडते, आणि एकही एरर न येता सगळं चुकतं. रूट न होता बांधा म्हणालो त्यामागे हेही आहे.

## ५. कॉन्फिगर

आता टप्पा १ मधली कॉन्फिगर कमांड काढा. पीएचपी आधी तुम्ही किंवा तुमच्या आधीच्या कुणी सोर्समधून बांधलं असेल, तर तीच ओळ घ्या, प्रीफिक्स बदला आणि जीडीचे पर्याय जोडा. ते वितरणाचं असेल तर ती लांबलचक ओळ जशीच्या तशी उचलू नका. पीएचपी -एम ची यादी बघून हवी ती एक्स्टेन्शन्स एकेक करून मागा.

जीडीचे पर्याय कुठले हे पीएचपीच्या आवृत्तीवर ठरतं, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच पडतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या ७.४ मध्ये ही नावं बदलली. आधी --विथ-जीडी होतं, आता --एनेबल-जीडी. आधी --विथ-जेपेग-डिर आणि --विथ-फ्रीटाइप-डिर होतं, आता शेपूट गळून --विथ-जेपेग आणि --विथ-फ्रीटाइप. --विथ-वेबपी-डिर चंही तेच. --विथ-पीएनजी-डिर तर गेलंच, कारण पीएनजी आता जीडीसोबत सक्तीचं आहे. एव्हिफ हा चित्रप्रकार हवा असेल तर --विथ-एव्हिफ, पण ८.१ पासून पुढे.

जुन्या पाककृती अजून सगळीकडे फिरताहेत. त्या नव्या पीएचपीला दिल्या तर कॉन्फिगर थांबत नाही. अनोळखी पर्याय दिसला की ते "अनरेकग्नाइज्ड ऑप्शन्स" अशी एक इशाऱ्याची ओळ छापतं आणि पुढे जातं. ती ओळ शेकडो ओळींत वाहून जाते. कॉन्फिगर यशस्वी, मेक यशस्वी, इन्स्टॉल यशस्वी, आणि जीडीचा पत्ता नाही. "एरर एकही नाही" म्हणणाऱ्या फोनांचं उत्तर दर वर्षी हेच असतं. मी स्वतः पहिल्यांदा यात अख्खी संध्याकाळ घालवली होती, आणि त्या संध्याकाळी राजवाड्याला मित्र वाट बघत होते.

म्हणून कॉन्फिगरचं आउटपुट टी कमांडने पडद्यावर आणि फाइलमध्ये दोन्हीकडे पाठवा. मग त्या फाइलमध्ये ग्रेपने तीन गोष्टी शोधा: अनरेकग्नाइज्ड, फ्रीटाइप, आणि जीडीलिब. पहिला शब्द सापडायला नको. बंडल्ड, म्हणजे पीएचपीच्या सोर्ससोबत आलेलं, जीडी वापरत असाल तर फ्रीटाइपसमोर यस हवं, जीडीलिब दिसणारच नाही, ते ठीक. टप्पा ४ मधली लिबजीडी वापरत असाल तर जीडीलिबसमोर यस हवं, फ्रीटाइपसमोर नसलं तरी चालेल.

दोन वाटांचे पर्याय असे:

बंडल्ड जीडी: --एनेबल-जीडी --विथ-जेपेग --विथ-फ्रीटाइप --विथ-वेबपी

टप्पा ४ मधली लिबजीडी: --एनेबल-जीडी --विथ-एक्स्टर्नल-जीडी

दुसऱ्या वाटेत --विथ-जेपेग वगैरे वेगळं देण्यात अर्थ नाही. कुठले प्रकार चालतात हे लिबजीडी बांधतानाच ठरून गेलेलं असतं, पीएचपी फक्त तिला विचारतं.

### सगळं पीएचपी बांधायचं नसेल तर

चालू पीएचपीला हात न लावता फक्त जीडी वेगळं एक्स्टेन्शन म्हणून बांधता येतं, आणि खरं सांगायचं तर निम्म्या लोकांना एवढंच पुरतं. चालू पीएचपीच्या अगदी त्याच आवृत्तीचा सोर्स घ्या, त्यातल्या एक्स्ट खालच्या जीडी डिरेक्टरीत जा आणि तिथे पीएचपीआइझ (एक्स्टेन्शन बांधण्याची तयारी करणारी स्क्रिप्ट) चालवा. मग कॉन्फिगर, वरच्यापैकी हव्या त्या पर्यायांसह, आणि जोडीला --विथ-पीएचपी-कॉन्फिग मध्ये चालू पीएचपीच्या पीएचपी-कॉन्फिगचा पूर्ण पत्ता. मेक, सूडू मेक इन्स्टॉल, आयएनआयमध्ये एक्स्टेन्शन=जीडी ही ओळ. पुढे थेट टप्पा ८.

मशीनवर दोन पीएचपी असतील तर पीएचपीआइझही दोन असतील. चुकीचं वापरलंत तर मॉड्यूल एपीआयचे आकडे जुळत नाहीत असा इशारा येतो आणि एक्स्टेन्शन लोड होत नाही. वितरणाचं पीएचपी-जीडी आधीपासून असेल तर ते काढा, नाहीतर तुमची नवी फाइल आणि त्यांची जुनी एकाच जागेवरून भांडतील.

## ६. झाडलोट, मग मेक

त्याच डिरेक्टरीत आधी एकदा बांधलं असेल, तर मेक क्लीन केल्याशिवाय पुढे जाऊ नका. पर्याय बदलले तरी आधीच्या खेपेच्या ऑब्जेक्ट फाइली तिथेच पडून असतात. मेकला त्या ताज्या वाटतात आणि नव्या-जुन्याची खिचडी होते. मग लिंक होताना विचित्र एरर येतात, किंवा त्याहून वाईट, येत नाहीत. मनात शंका असेल तर सोर्स पुन्हा उलगडून पहिल्यापासून सुरू करा. पाच मिनिटं जातील, पण डोकं शांत राहील.

मेक -जे नंतर कोअरची संख्या द्या. पण एक जीबी रॅमचा स्वस्त सर्व्हर असेल तर मोह आवरा आणि -जे न देता चालवा. फाइलइन्फो हे एक्स्टेन्शन कंपाइल होताना भरपूर मेमरी खातं. तिथे "किल्ड" एवढंच लिहून कंपायलर मेला, तर दोष कोडचा नाही, मेमरी संपली. दोन जीबीची स्वॅप फाइल करा: फॅलोकेटने फाइल, सीएचमॉड ६००, एमकेस्वॅप, स्वॅपऑन. मग मेक पुन्हा.

सर्व्हर दूर असेल तर हे सगळं टीमक्समध्ये चालवा. आमच्या सुदामा नगरात वळवाचा पाऊस आला की वीज जाते, राउटर बसतो, एसएसएच तुटतं आणि त्यासोबत अर्धवट मेकही. टीमक्स असेल तर तिकडे काम चालूच राहतं. तुम्ही खाली जाऊन पोहे खाऊन आलात तरी हरकत नाही.

इन्स्टॉल करण्याआधी नवं पीएचपी तिथल्या तिथे तपासता येतं, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. सोर्स डिरेक्टरीत एसएपीआय खाली सीएलआय, त्यात पीएचपी हा ताजा बायनरी असतो. तो -एन -एम देऊन चालवा. -एन मुळे कुठलंच आयएनआय वाचलं जात नाही, म्हणून जे दिसेल ते खरोखर आत बांधलेलं. यादीत जीडी आहे? टप्पा १ मधल्या यादीतलं बाकी सगळं आहे? ज्या गोष्टी जुन्या पीएचपीत वेगळ्या एक्स्टेन्शन म्हणून होत्या त्या इथे दिसणार नाहीत, तेवढं लक्षात घेऊन ताडा.

तपासा: एक्स्टर्नल वाटेने आला असाल तर याच बायनरीवर एलडीडी चालवून लिबजीडी ग्रेप करा. पत्ता ऑप्टमधला हवा. वितरणाच्या डिरेक्टरीतला दिसला तर टप्पा ४ चं सावधान पुन्हा वाचा.

जीडीपुरत्या चाचण्याही चालवून घ्या: मेक टेस्ट, आणि मोठ्या अक्षरांतलं टेस्ट्स हे चल एक्स्ट खालच्या जीडीतल्या टेस्ट्स डिरेक्टरीकडे वळवलेलं. एक्स्टर्नल लिबजीडीसोबत एखाददुसरी चाचणी पडली तर घाबरू नका, आधी ती कशाबद्दल आहे ते वाचा.

## ७. इन्स्टॉल आणि अदलाबदल

सूडू मेक इन्स्टॉल. इथे बहुतेक जण "झालं" म्हणतात. तीन गोष्टी अजून बाकी आहेत.

पहिली, नव्या घरात पीएचपी.आयएनआय नसतं. मेक इन्स्टॉल ते ठेवत नाही. जुनं आणून ठेवा, किंवा सोर्समधल्या प्रॉडक्शन नमुन्यावरून नवं करा. ते नसेल तर पीएचपी मुकाट्याने मूळ किमतींवर चालतं: अपलोडची मर्यादा २ एमबी, आणि प्रमाणपत्रांची पार्श्वभूमी अपलोड होत नाही म्हणून पुन्हा जीडीलाच शिव्या. जुनं आयएनआय आणलंत तर त्यातली एक्स्टेन्शन=जीडी ही ओळ काढा. जीडी आता आतच आहे, त्यामुळे "आधीच लोड झालंय" असा इशारा येत राहील. एफपीएमच्याही .डिफॉल्ट शेपटीच्या फाइलींची शेपूट काढून खऱ्या फाइली कराव्या लागतात.

दुसरी, सेवा अजून जुनंच बायनरी चालवतेय. सिस्टमडीच्या युनिट फाइलमध्ये एक्झेकस्टार्टचा पत्ता बघा आणि नव्या एफपीएमकडे वळवा. त्याच युनिटमध्ये टाइप नोटिफाय असेल आणि तुम्ही --विथ-एफपीएम-सिस्टमडी न देता बांधलं असेल, तर एफपीएम सुरू होतं पण सिस्टमडीला तसं कळवत नाही. ते वाट बघून बघून एफपीएमला बंद करतं. लॉगमध्ये फक्त टाइमआउट दिसतो आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो.

तिसरी, बाहेरून टाकलेली एक्स्टेन्शन्स, रेडिस, इमॅजिक वगैरे, नव्या घरात आपोआप येत नाहीत. ती नव्या पीएचपीआइझने पुन्हा बांधा. जुन्या .एसओ फाइली उचलून आणू नका.

मग नवं पीएचपी-एफपीएम -टी देऊन कॉन्फिगरेशन तपासा, आणि ते "सक्सेसफुल" म्हणाल्यावरच सेवा रीस्टार्ट करा. सॉकेटचा पत्ता एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये आहे तोच नव्या पूल फाइलमध्ये आहे ना, हेही बघा. नसेल तर ब्राउझरमध्ये ५०२ एरर.

काही बिघडलं तर युनिटमधला पत्ता जुन्याकडे वळवा, डीमन-रीलोड, रीस्टार्ट. जुनं घर शाबूत आहे.

## ८. खरी परीक्षा: नावं

ब्राउझरमधून जीडी_इन्फो या फंक्शनचं उत्तर छापून बघा. फ्रीटाइप सपोर्ट आणि जेपेग सपोर्ट ट्रू हवेत. जीडी व्हर्जनसमोर "बंडल्ड" असं लिहिलेलं असेल तर सोबत येणारं जीडी चालू आहे, आणि त्यात जोडाक्षरं तुटणारच. एक्स्टर्नल असेल तर नुसता आवृत्तीचा आकडा दिसतो.

मग चित्र. सुरुवातीला ते थेट ब्राउझरला न पाठवता फाइलमध्ये साठवा. हेडरआधी एखादी रिकामी ओळ, इशारा किंवा फाइलच्या सुरुवातीचा बीओएम (न दिसणारी खूण) गेला तरी ब्राउझर "चित्रात चूक आहे" म्हणतं आणि दोष पुन्हा जीडीवर येतो. फॉन्टच्या फाइलचा पत्ता पूर्ण द्या, मुळापासून. फॉन्ट युनिकोडच हवा: नोटो सॅन्स देवनागरी, लोहित, मुक्त चालतील. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टला युनिकोड मजकूर दिलात तर चौकोन मिळतील.

चाचणीला "नमस्कार" लिहून समाधान मानू नका. माझी यादी अशी: शिंदे, कुलकर्णी, क्षीरसागर, गोऱ्हे, वऱ्हाडपांडे, ज्ञानेश्वरी, विद्यार्थ्यांच्या. वेलांटी, रफार, अर्धा ऱ, क्ष, ज्ञ आणि रफारावरचा अनुस्वार, सगळं यात येतं. हिंदीतून उचललेल्या चाचणीत तो अर्धा ऱ कधीच नसतो. तो फसला की गोऱ्हेकाकांच्या हातात प्रमाणपत्र पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

मेमरीचं एक. ए४ कागद ३०० डीपीआयला म्हणजे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल. दर पिक्सेलला चार बाइट धरले तर एका चित्राला सुमारे ३५ एमबी लागतात. बंडल्ड जीडीत ही मेमरी पीएचपीच्या मेमरी_लिमिटमध्ये मोजली जाते. एक्स्टर्नल लिबजीडी स्वतःची मेमरी स्वतः घेते, त्यामुळे ती मर्यादा तिला अडवत नाही. दोनशे प्रमाणपत्रं एका झटक्यात काढायला गेलात तर पीएचपी एरर देणार नाही, सरळ सर्व्हर झोपेल. लूपमध्ये एकेक चित्र करा, साठवा, अनसेट करा. एफपीएमच्या पूलमध्ये चाइल्ड प्रोसेसची संख्याही त्या हिशेबाने ठेवा.

## उरलेलं

हाताने बांधलेल्या पीएचपीला एपीटी अपग्रेडमधून सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत, लिबजीडीलाही नाही. आपल्या शाखेची नवी आवृत्ती आली की हे पुन्हा करायचं आहे. म्हणून आत्ताच कॉन्फिग.नाइसची प्रत सोर्सबाहेर, तारखेच्या नावाने ठेवा. शेजारी एका फाइलीत लिहा: कुठली डेव्ह पॅकेजं टाकली, लिबजीडी कुठे आहे, पीकेजी_कॉन्फिग_पाथची किंमत काय, युनिट फाइलमध्ये काय बदललं. पुढच्या खेपेला नवा सोर्स उलगडायचा, ते चल एक्स्पोर्ट करायचं, कॉन्फिग.नाइस त्यात ठेवून आतला प्रीफिक्स बदलायचा आणि तीच फाइल चालवायची. मग टप्पा ५ मधले तीन ग्रेप, आणि तिथून पुढे सगळं तसंच.

ती फाइल पुढच्या वर्षीच्या मुलाच्या हातात द्या, माझा नंबर नको.